मावशीला धाप लागते

मावशी चढावर प्राण सोडायची आणि मेस्त्रीच्या दारात पोचली की ठणठणीत व्हायची. माणूस असं वागला तर त्याला सोंग म्हणतात. गाडी असं वागली तर त्यामागे कुणाचा तरी हात असतो, असं सुपरवायझरचं ठाम मत होतं.

मावशी म्हणजे गाडी. वडिलांनी ऐन तारुण्यात घेतलेली, वाटोळ्या दिव्यांची, ऐसपैस बुडाची. दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज यायचा. वडील तिला मावशी का म्हणायचे हे कुणी कधी विचारलं नाही. आईला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे तक्रार करणारंही कुणी नव्हतं.

आणि सुपरवायझर म्हणजे धाकटा मुलगा. उभी नोकरी त्यानं परीक्षाकेंद्रांवर काढली. प्रश्नपत्रिकांची पाकिटं लाखेनं सील करायची, वेळ झाली की सगळ्यांसमोर फोडायची, आणि मग पेपर संपेपर्यंत मुलांच्या मानांवर नजर ठेवत रांगांमधून फिरायचं. जो छताकडे बघतो तो आठवतोय, जो कागदाकडे बघतो तो लिहितोय आणि जो माझ्याकडे बघतो तो कॉपी करतोय, हे त्याचं शास्त्र. त्यानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली, पण त्याच्या संशयाचं वय अजून झालं नव्हतं. तो कामाला लागला आणि त्याला घरात मावशी सापडली.

सुरुवात अगदी साधी झाली. मावशी एकदा पुलाच्या चढावर खोकली. मेस्त्रीनं कार्बोरेटर खोलला, तळाशी बसलेला गाळ बोटावर घेतला, पुसला, पुन्हा जोडला. खोकला गेला. पण हात पुसता पुसता मेस्त्री सहज म्हणाला, "एवढा कचरा आला कुठून काय माहीत."

"कुणी टाकला?" सुपरवायझरनं विचारलं.

"कोण कशाला टाकेल सर? जुनी टाकी आहे, आतून गंजते."

यातलं 'कोण' एवढंच सुपरवायझरच्या कानात राहिलं. बाकीचं वाक्य गॅरेजमध्येच पडून राहिलं असावं.

त्या संध्याकाळपासून त्यानं पेट्रोलची टाकी सील करायला सुरुवात केली. टाकीच्या पितळी झाकणावर कागदाची पट्टी आडवी लावायची, पट्टीवर त्याची आणि साक्षीदार म्हणून बायकोची सही, आणि वरून लाख. कडेला दोन्हीकडे आणि झाकणाच्या बरोब्बर मधोमध, ठसठशीत, रुपयाएवढी. पेट्रोलजवळ काडी ओढू नये एवढी अक्कल त्याला होती, म्हणून लाख स्वयंपाकघरात वितळवायची आणि ती थंड व्हायच्या आत चमच्यात घेऊन जिना उतरायचा, पॅसेज ओलांडायचा, गॅरेज गाठायचं. या शर्यतीत तो एकटाच धावायचा, तरी दर वेळी मागे वळून बघायचा.

"अहो, माझे चमचे कमी होतायत," बायको म्हणाली.

"कुणावर संशय आहे तुझा?"

बायकोनं त्याच्या हातातल्या लाल चमच्याकडे पाहिलं आणि संशय मनातच ठेवला.

आता खरा चमत्कार असा की, सील लागलं आणि मावशी खरोखरच आजारी पडली. सपाट रस्त्यावर गावाबाहेर पडेपर्यंत काही नाही. मग हळूहळू ओढ कमी व्हायची. पाय दाबावा तर इंजिन 'हो हो' म्हणायचं आणि करायचं काहीच नाही. चढ आला की धाप लागायची, दोन-चार गचके, आणि बंद. तिला थोडा वेळ तशीच उभी ठेवली की मग काही झालंच नाही अशा थाटात सुरू. सुपरवायझर दर वेळी उतरून आधी सील तपासायचा. पट्टी शाबूत, सह्या शाबूत, लाखेला ओरखडा नाही.

"म्हणजे बघ," तो बायकोला म्हणाला, "सील न फोडता आत हात घालतोय. साधासुधा माणूस नाही."

"किंवा कुणी हातच घालत नाहीये."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनंही त्याच्याकडे पाहिलं. आणि जो माझ्याकडे बघतो तो... सुपरवायझरच्या मनात काहीतरी चुकचुकलं. बायकोला शिवणकामासाठी खोली हवी होती आणि गॅरेजला उजेड छान येतो, असं ती मागे एकदा बोललीही होती. त्या दिवसापासून त्यानं गॅरेजच्या दाराला खालच्या अंगाला एक काळा दोरा बांधायला सुरुवात केली. दोरा तिच्याच शिवणाच्या डब्यातला होता. तुटला की ती गुंडाळी आणून त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "घ्या, तुटलाय, दुसरा बांधा. कपडे वाळत घालायला गेले होते."

एवढ्या उघडपणे कबूल करणारा गुन्हेगार त्यानं कारकिर्दीत पाहिला नव्हता. त्यामुळे संशय जास्तच बळावला.

मेस्त्रीकडे फेऱ्या सुरू झाल्या. मेस्त्रीच्या दारात पोचलं की सुपरवायझरचा एक विधी असे. गाडी मेस्त्रीच्या ताब्यात द्यायच्या आधी, मेस्त्रीच्या डोळ्यांदेखत सील फोडायचं, झाकण उघडायचं, आत वाकून बघायचं. पाकीट परीक्षकासमोरच फुटलं पाहिजे. झाकण फिरवलं की दर वेळी आतून आवाज यायचा. फुस्स.

"ऐकलंत?" सुपरवायझर दबक्या आवाजात म्हणाला. "सोडा टाकलाय कुणीतरी. पेट्रोल फसफसतंय."

"पेट्रोलमध्ये सोडा टाकून काय होणार?" मेस्त्री शेजारच्या ट्रकच्या खालून बोलत होता. त्याला आवाज ऐकू आला नव्हता, फक्त सर ऐकू येत होते.

सुपरवायझरनं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढून उजेडात धरलं. बुडबुडे नव्हते. म्हणजे पुरावा नष्ट केला होता.

मग मेस्त्री ट्रकखालून बाहेर यायचा आणि मनापासून तपासणी करायचा. प्लग काढून बघितले, छान बदामी रंगाचे. पॉइंट घासले, टायमिंग बघितलं. पंपाची नळी बाटलीत सोडून चावी फिरवली, पेट्रोल धारेनं आलं. सायलेन्सरमध्ये हात घालून बघितला, न जाणो, उंदरानं घर केलं असेल. शेवटी तो मावशीला घेऊन बाजाराला चक्कर मारून यायचा आणि चावी परत करायचा.

"सर, गाडीला काहीही झालेलं नाही. पोरीसारखी पळते."

"चढावर मरते हो ती."

"माझ्यासमोर तर मरत नाही."

"तेच तर!" सुपरवायझर म्हणाला. "तुमच्यासमोरच का मरत नाही?"

मेस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. आजवर त्याच्यावर पुष्कळ आरोप झाले होते. पण गाडी त्याच्यासमोर नीट चालते हा आरोप पहिलाच. "सर," तो शांतपणे म्हणाला, "एक काम करा. आजारपण सोबत घेऊन या. बरी झालेली गाडी आणून मला औषध विचारू नका."

सुपरवायझरनं मनातल्या यादीत मेस्त्रीचं नाव बायकोच्या खाली आणि दादाच्या वर लिहिलं. मग विचार करून दादाला पुन्हा पहिल्या जागेवर नेलं.

कारण दादाकडे हेतू होता. दादा म्हणजे थोरला भाऊ, त्याचं हॉटेल होतं आणि हॉटेलच्या हॉलमध्ये मधोमध जागा रिकामी होती. मावशीचं छप्पर कापायचं, आत चौघांचं टेबल बसवायचं, बॉनेट उघडलं की त्यात बर्फावर मांडलेली फळं. लोक फोटो काढायला रांगा लावतील, असं दादा अत्यंत प्रेमानं सांगायचा. गाडी होती आईच्या नावावर. मावशी चढावर बसते ही बातमी दादापर्यंत पोचली तसा तो आईकडे जाऊन बसला.

"आई, म्हातारीचे हाल बघवत नाहीत. तिला मानानं निवृत्त करू या."

"छप्पर कापून?" सुपरवायझर कडाडला.

"टोपी काढून आदर दाखवतात ना, तसं समज."

आईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ऐंशी वर्षांची बाई, या दोघांची भांडणं ती त्यांना दात आले तेव्हापासून ऐकत आली होती. ती म्हणाली, "रविवारी मला टेकडीवरच्या वेधशाळेपर्यंत न्यायचं. तुमचे वडील न्यायचे तसं, मध्ये कुठे न थांबता. पोचली तर गाडी धाकट्याची. थांबली तर हॉटेलची. आणि त्यानंतर हा विषय माझ्यासमोर कुणी काढला तर मी दोघांनाही फळांसोबत बर्फावर मांडेन."

शनिवारी सुपरवायझरनं मावशीची झडती घेतली आणि मागच्या सीटखाली त्याला घबाड सापडलं. शिंप्याची मोजपट्टी. पिवळी, गुंडाळलेली, अगदी नवी.

तो ती दोन बोटांत धरून घरात आला. "ही कुणाची?"

"माझी नाही," बायको शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली. "माझी ही काय गळ्यात."

"घरात शिवतं कोण?"

"मी."

"मग मोजपट्टी कुणाची?"

"अहो, शिवणाऱ्या बाईला मावशीच्या पोटात शिरून काय मापं घ्यायचीत? झंपर शिवायचाय का तिला?"

उत्तर चोख होतं. फार चोख. त्यानं टाकीच्या झाकणावर आज लाखेचे दोन थर दिले, मधोमध तर तिसराही. बॉनेटलाही सील ठोकलं. शेवटचा चमचा घरातून गेला.

रविवारची सकाळ स्वच्छ होती. सुपरवायझरच्या मते संशयास्पद स्वच्छ. आई मागच्या सीटवर खिडकीशी, तिच्या शेजारी पंच म्हणून दादा, पुढे बायको. मेस्त्री मोटारसायकलवरून मागून येत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याला एकदा तरी हिला मरताना बघायचं होतं.

गाव सुटेपर्यंत मावशी सायीवरून चमचा फिरावा तशी गेली. दादा खिडकीबाहेर हात काढून छताची जाडी चाचपत होता. टेकडीचं पहिलं वळण आलं, दुसरं आलं. सुपरवायझरनं पाय दाबला. इंजिन म्हणालं, हो हो.

"आली धाप," बायको हळूच म्हणाली.

"नाही. वाऱ्याचा आवाज आहे तो."

तिसऱ्या वळणावर वाऱ्यानं दोन गचके दिले. मावशी थरथरली, पुढे सरकली, अजून थोडी सरकली, आणि वेधशाळेचा घुमट समोर दिसत असताना हुंदका दिल्यासारखा आवाज करून बंद पडली. सुपरवायझरनं हँडब्रेक ओढला. बायकोनं सवयीनं दार उघडून मागच्या चाकाला दगड लावला.

दादानं सगळ्यांच्या वतीनं उसासा टाकला. "मग, आई. ठरल्याप्रमाणे."

"थांब!" सुपरवायझर उतरला. "पंचनामा होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. दादा, खरं सांग. तू काय केलंस?"

"मी? मी तर मागे बसलोय."

"मग ही काय?" सुपरवायझरनं खिशातून मोजपट्टी काढून वाऱ्यावर सोडली. ती सापासारखी उलगडत गेली.

आईनं दादाकडे पाहिलं. आईचं बघणं आणि सुपरवायझरचं बघणं यांत फरक असा की, आईच्या बघण्यानं खरंच काम व्हायचं. दादाच्या कपाळावर घाम आला.

"टेबलाचं माप घेत होतो," तो पुटपुटला. "मंगळवारी. तू चमचा घेऊन धावत होतास तेव्हा. दुसऱ्या कशाला हात नाही लावला, तुझी शपथ."

"माझी कशाला? स्वतःची घे!"

"सुताराला आणलं होतं. तोही फक्त बसून बघत होता."

आता वारं फिरलं होतं. बायको दादाकडे तिरक्या नजरेनं बघत होती, मेस्त्री मोटारसायकल लावून कान देऊन उभा होता, आणि आईच्या भिवया वर गेल्या होत्या. उभ्या आयुष्यात सुपरवायझरला असा रंगेहाथ सापडलेला आरोपी मिळाला नव्हता. आता फक्त टाकी उघडायची, आतला सोडा सगळ्यांना दाखवायचा, आणि निकाल. तो मागे गेला, सील शाबूत असल्याचं मोठ्यानं जाहीर केलं, कडेची लाख फोडली, पट्टी फाडली आणि झाकण फिरवायला लागला. झाकण फिरेना. जणू आतून कुणीतरी धरून ठेवलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला.

फुस्स्स्स.

या वेळचा आवाज लांबलचक होता. सुपरवायझरचा चेहरा अगदी टाकीच्या तोंडाशी होता आणि त्याच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. वारा बाहेर येत नव्हता. त्याच्या गालावरून, कानाजवळून, वारा आत चालला होता. सोडा बाहेर फसफसतो. ही आत ओढत होती. खूप वेळ पाण्याखाली धरलेल्या माणसासारखी.

त्यानं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूनं, बरोब्बर मधोमध, सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून प्रकाश दिसायला हवा होता. दिसत होती लाल लाख.

"जरा चावी फिरव," तो बायकोला म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण कुठूनतरी दुरून आल्यासारखा.

मावशी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मेस्त्री पुढे झाला, त्यानं झाकण बघितलं, भोक बघितलं, सर बघितले. मग तो बाजूला जाऊन दरीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

सुपरवायझर परीक्षाकेंद्रावर नव्या लोकांना नेहमी एक गोष्ट सांगायचा: प्रत्येक भानगडीच्या वेळी वर्गात कोण हजर होतं ते बघा. तो आता बघत होता. पुलाच्या पलीकडे मावशी बंद पडली, तेव्हा कोण हजर होतं? नदीच्या चढावर? स्वयंपाकघरात चमच्यासोबत? आणि मेस्त्रीच्या दारात दर वेळी झाकण उघडून, तिला श्वास देऊन, पुरावा कोण नष्ट करत होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ऐकलं होतं. इथे कळसाही यानंच सील केला होता.

दादा अजून घाम पुसत होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच होत्या. सुपरवायझरनं नुसतं गप्प राहायचं होतं. मावशी राहिली असती. बायकोनं झाकणाकडे बघितलं, तिला सगळं कळलं, आणि तिनं डोळ्यांनीच त्याला सांगितलं की आता तोंडालाही सील लावा.

पण घंटा झाल्यावर एक ओळ जास्त लिहू देणारा तो सुपरवायझर नव्हता.

"आई," तो म्हणाला, "दादानं काही केलेलं नाही. मीच. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. या भोकातून येते. मी त्यावर लाख ओतली. रोज. म्हणून तिला धाप लागायची. आणि थांबली ती थांबली. गाडी दादाची."

बायकोनं कपाळाला हात लावला.

मग दादाच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उगवलं. सुपरवायझरनं ते ओळखलं. घराण्याचंच होतं ते.

"एवढ्या सहज?" दादा म्हणाला.

"नियम म्हणजे नियम."

"काल बॉनेटला हात लावला तर अंगावर धावून आलास, आणि आज 'गाडी दादाची'? काय लपवतोयस?"

"काही नाही रे! गाडी उत्तम आहे."

"उत्तम आहे तर देतोयस कशाला?"

"हरलो म्हणून!"

"आणि ते सुईएवढं भोक? अख्खी गाडी एवढ्याशा भोकासाठी बंद पडते? मला काय दुधखुळा समजतोस?" दादा मेस्त्रीकडे वळला. "मेस्त्री, हिला खरं काय झालंय?"

"काही झालेलं नाही साहेब," मेस्त्री डोळे पुसत म्हणाला. "पोरीसारखी पळते."

"हा पण सामील!" दादा एक पाऊल मागे सरला. मावशीकडे त्यानं असं पाहिलं की जणू ती त्याच्या हॉलच्या मधोमध पेट घेताना त्याला दिसली. "पाणी मुरतंय इथे. नको मला. ठेव तुझी तुलाच. मी मत्स्यालय आणीन."

"अरे, पण घे ना! शपथेवर सांगतो..."

"शपथ घेतोय! आई, बघितलंस? शपथ घेतोय!"

आईनं केसांतला आकडा काढला आणि खिडकीतून सुपरवायझरपुढे धरला. "भोक मोकळं कर. आणि चल. माझ्या आयुष्यात निर्णय कधी एवढा लवकर झाला नव्हता, तो बदलायच्या आत वर पोचू."

त्यानं लाख टोकरून काढली, भोकातून आकाश बघून खात्री केली, झाकण लावलं. मावशीनं उरलेला चढ असा घेतला की मेस्त्रीला मागून गिअर बदलावा लागला. दादा मेस्त्रीच्याच मागे बसून येत होता. मावशीत पाय ठेवायला तो आता तयार नव्हता.

वेधशाळेच्या फाटकातून आत शिरताना सुपरवायझरनं आरशात पाहिलं. मोटारसायकलवर दादा मेस्त्रीच्या कानाशी लागून काहीतरी बोलत होता. मेस्त्री मान हलवत होता.

"अगं," सुपरवायझर हळूच म्हणाला, "दादानं इतक्या सहज नकार का दिला असेल?"

बायकोनं त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला, लाखेची उरलेली कांडी काढली, काच खाली केली आणि ती दरीत भिरकावली. मग पुन्हा हात घातला आणि आपला चमचा काढून घेतला.